रास बावीसची, पण कितपत पक्की? कॉन्फिडन्स इंटरव्हल पायरीपायरीनं

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळी कापायला आली की पहिला प्रश्न रासेचा. रास म्हणजे एका घडाचं सरासरी वजन. व्यापाऱ्याचा माणूस बागेत फेरी मारतो, चार-दोन घडांना हात लावतो आणि सांगतो, "बावीसची रास पडेल भो." शेतकरी म्हणतो, चोवीसला तोड नाही. बागेतला प्रत्येक घड दोघांपैकी कुणीच तोललेला नसतो. खरी रास सगळी बाग कापून झाल्यावरच कळणार, आणि सौदा तर त्याआधी ठरणार.

पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रात 'विश्वास अंतराल' किंवा वर्गात सर्रास म्हणतात तसं 'कॉन्फिडन्स इंटरव्हल' हे प्रकरण येतं, ते नेमकं याच अडचणीवरचं आहे. थोडे घड तोलून सगळ्या बागेबद्दल बोलायचं आणि बोलताना आपला आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो तेही सांगायचं. पोरं सूत्र पाठ करतात, उत्तरही बरोबर काढतात. मग 'या उत्तराचा अर्थ काय' असं विचारलं की दहातले आठ जण चुकीचं वाक्य बोलतात. म्हणून या लेखात आकडेमोड थोडी भरभर करू आणि अर्थापाशी जास्त थांबू.

दोन शब्द आधी नक्की करून घेऊ. ज्या सगळ्यांबद्दल बोलायचं ती समष्टी, आणि त्यातले जे प्रत्यक्ष मोजले तो नमुना. एक एकर बाग, ५ बाय ५ फुटांवर लागवड केली तर गणितानं १७४२ झाडं बसतात. मर, मोडलेली, न निसवलेली (घड न आलेली) झाडं सोडून १७०० घड धरू. ही आपली समष्टी. त्यातले बारा घड तोलले, तो नमुना.

कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी

बारा घड कुठले घ्यायचे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पुस्तकांत या गोष्टीला एक ओळ मिळते, 'यादृच्छिक नमुना घेतला असे समजू'. शेतात असं समजून भागत नाही.

रस्त्याकडच्या ओळीतले बारा घड तोलले तर काय होईल? बांधावरच्या झाडाला एका बाजूनं मोकळं ऊन मिळतं, शेजारच्याशी चढाओढ कमी, घड भरतो. आतली दाटीतली झाडं मागे राहतात. तीच गोष्ट पहिल्या कटाईची. जे घड आधी तयार झाले ते बहुधा चांगले पोसलेले असतात. त्यांच्यावरून सगळ्या बागेची रास काढली की आकडा फुगणार. उलट, भाव पाडायचा असेल तर नळी तुंबलेल्या कोपऱ्यात जाऊन बारीक घड दाखवणारेही असतात.

हा काही माझा शेतकरी-संशय नाही. पांडुरंग सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून आलेले संख्याशास्त्रज्ञ. पीक कापणी प्रयोगात शेतात किती मोठा तुकडा आखून कापायचा, यावर १९४० च्या दशकात त्यांचा आणि कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा चांगलाच वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे, कारण काम कमी आणि तुकडे जास्त घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. सीमारेषेवरचं झाड आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा हात ते आत ओढतो. लहान तुकड्यात कडा जास्त, म्हणून चूकही जास्त. असे हजार तुकडे घेतले तरी ती चूक जात नाही, कारण ती सगळ्यांत एकाच दिशेनं असते.

कॉन्फिडन्स इंटरव्हल या प्रकारच्या चुकीबद्दल एक अक्षरही सांगत नाही. तो फक्त चिठ्ठीच्या नशिबाचा हिशोब ठेवतो. चिठ्ठ्या टाकून बारा घड निवडले, तर योगायोगानं थोडे जड किंवा थोडे हलके हाती येऊ शकतात, तेवढ्याच फरकाचा. हे मनात पक्कं ठेवा, पुढे लागेल.

मग निवड कशी करायची? ओळी मोजा, समजा ४१ निघाल्या. प्रत्येक ओळीत साधारण ४२ झाडं. सायंटिफिक कॅल्सीवर 'रॅन' लिहिलेलं बटण असतं, ते शून्य ते एकच्या मधला आकडा देतं. त्याला ४१ नं गुणा, अपूर्णांक सोडून द्या, एक मिळवा. हा झाला ओळीचा नंबर. पुन्हा तेच, ४२ नं गुणून, झाडाचा नंबर. सातव्या ओळीतलं तेविसावं झाड आलं तर तेच घ्यायचं, शेजारचं बरं दिसतं म्हणून ते नाही. झाडाला घडच नसेल तर पुढचा नंबर काढायचा.

आकडेमोड

बारा घडांची वजनं, किलोत, अशी आली समजा. उदाहरणासाठी मी रचलेली आहेत, पण टिश्यूकल्चर बागेत अशी दिसायला हरकत नाही:

२२.५, १९, २४, २१.५, २६, १८.५, २३, २०.५, २५, २२, १७.५, २४.५

पायरी पहिली, सरासरी. बेरीज २६४, भागिले १२, सरासरी २२ किलो. व्यापाऱ्याचा अंदाज योगायोगानं जुळला.

पायरी दुसरी, घड एकमेकांपासून किती फाकलेले आहेत ते पाहणं. यालाच प्रमाण विचलन म्हणतात. प्रत्येक वजनातून २२ वजा करा. ०.५, वजा ३, २, वजा ०.५, ४, वजा ३.५, १, वजा १.५, ३, ०, वजा ४.५, २.५. यांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. नाही आली तर वरच्या सरासरीत घोळ आहे, पुढे जाऊ नका. आता प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करा:

०.२५ + ९ + ४ + ०.२५ + १६ + १२.२५ + १ + २.२५ + ९ + ० + २०.२५ + ६.२५ = ८०.५

हिला १२ नं नाही, ११ नं भागायचं. ८०.५ ÷ ११ = ७.३१८. त्याचं वर्गमूळ २.७०५ किलो.

११ का? आपल्याला बागेची खरी सरासरी माहीत नाही, म्हणून आपण नमुन्याचीच सरासरी वापरली. नमुन्याची सरासरी त्याच बारा आकड्यांच्या अगदी मधोमध बसलेली असते, त्यामुळे फरकांचे वर्ग जरा लहानच येतात. एक कमी करून भागलं की तो कमीपणा भरून निघतो. दुसरं असं की, अकरा फरक सांगितले तर बारावा आपोआप ठरतो, कारण बेरीज शून्य. मोकळे आकडे अकराच. याच अकराला 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' म्हणतात आणि पुढे तक्त्यात हाच आकडा शोधायचा आहे.

पायरी तिसरी, प्रमाण त्रुटी, म्हणजे स्टँडर्ड एरर. विचलन भागिले नमुन्याच्या संख्येचं वर्गमूळ: २.७०५ ÷ √१२ = २.७०५ ÷ ३.४६४ = ०.७८१ किलो.

इथं जरा थांबा. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथंच जातात. विचलन हे घडांबद्दल आहे. या बागेतला एखादा घड सरासरीपासून साधारण पावणेतीन किलो इकडेतिकडे असतो, असं ते सांगतं. आणखी शंभर घड तोलले तरी ते फारसं बदलणार नाही, कारण बागच तशी आहे. प्रमाण त्रुटी ही सरासरीबद्दल आहे. तुमच्याऐवजी दुसऱ्यानं दुसरे बारा घड काढले असते, तिसऱ्यानं तिसरे, तर त्यांच्या सरासऱ्या एकमेकांपासून साधारण किती फाकल्या असत्या, ते ती सांगते. घड जास्त तोलले की ती लहान होत जाते. इंटरव्हलमध्ये हीच लागते, विचलन नाही.

पायरी चौथी, गुणक. इथं बरेच जण डोळे झाकून १.९६ घेतात. तो आकडा घंटेच्या आकाराच्या वक्राचा आहे आणि खरं विचलन माहीत असेल तेव्हाच चोख चालतो. आपण विचलनही त्याच बारा घडांवरून काढलं, म्हणजे अंदाजावर अंदाज. त्याची किंमत म्हणून गुणक थोडा मोठा घ्यावा लागतो. ही गोष्ट विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये मांडली. ते डब्लिनच्या गिनेस कंपनीत, बिअरच्या कारखान्यात, नोकरीला होते. रोजच्या कामात त्यांच्या हाती अगदी थोडे नमुने यायचे आणि तेव्हाची सूत्रं मोठ्या नमुन्यांची होती. कंपनी नाव छापू देईना, म्हणून लेख 'स्टुडंट' या टोपणनावानं आला. आजही तक्त्याच्या डोक्यावर 'स्टुडंट्स टी' लिहिलेलं असतं ते त्यामुळे.

टी-तक्त्यात ११ ची ओळ आणि ९५ टक्क्यांचा रकाना पाहा: २.२०१. काही तक्त्यांत ९५ ऐवजी ०.०२५ लिहिलेलं असतं. उरलेले पाच टक्के दोन शेपट्यांत अडीच-अडीच वाटले जातात, म्हणून. ०.०५ च्या एकशेपटी रकान्यात गेलात तर १.७९६ मिळेल आणि तो ९० टक्क्यांचा गुणक आहे.

पायरी पाचवी, शेवटचा गुणाकार. २.२०१ × ०.७८१ = १.७२. हा मार्जिन. २२ मधून वजा केला आणि २२ मध्ये मिळवला:

२०.२८ किलो ते २३.७२ किलो

एका ओळीत सूत्र: सरासरी ± टी × (विचलन ÷ √नमुना).

१.९६ वापरला असता तर २०.४७ ते २३.५३ आलं असतं. फरक थोडा वाटतो, पण हे जास्तीचं अरुंद उत्तर म्हणजे नसलेली खात्री दाखवणं आहे. नमुना तीसच्या पुढे गेला की दोन्ही गुणक जवळ येतात. ३० घड असतील तर टी २.०४५ असतो.

हे सगळं चालायला वजनं साधारण घंटेच्या आकारात पसरलेली हवीत आणि घड एकमेकांपासून स्वतंत्रपणे निवडलेले हवेत. एकाच ओळीतले लागोपाठचे बारा घड घेतले तर पाणी एकाच नळीचं, माती एकाच पट्ट्याची. ते बारा नसून दोन-तीन घडांएवढीच माहिती देतात, सूत्र मात्र बारा धरून बसतं. याउलट घंटेच्या आकाराची फार चिंता नको. अगदीच टोकाचा एखादा आकडा नसेल तर टी बराच सोशिक आहे.

एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी एवढंच. विचलनाची दोन फंक्शनं आहेत, 'स्टडेव्ह डॉट एस' आणि 'स्टडेव्ह डॉट पी'. एस म्हणजे सँपल, तीच ११ नं भागते. 'कॉन्फिडन्स डॉट टी'ला ०.०५, विचलन आणि १२ दिलं की १.७२ हा मार्जिन सरळ मिळतो. तिथं ०.९५ टाकू नका, फंक्शन चुकीचं उत्तर देईल आणि तक्रार करणार नाही. 'कॉन्फिडन्स डॉट नॉर्म' १.९६ वालं आहे.

९५ टक्के कशाचे?

आता मुख्य गोष्ट. '२०.२८ ते २३.७२, ९५ टक्के' याचा अर्थ काय?

'९५ टक्के घड २०.२८ ते २३.७२ किलोचे आहेत.' साफ चूक. वर पाहा, बारापैकी पाचच घड त्या पट्ट्यात आहेत. इंटरव्हल सरासरीचा आहे, घडांचा नाही.

'पुन्हा बारा घड तोलले तर त्यांची सरासरी या पट्ट्यात येण्याची शक्यता ९५ टक्के.' हेही नाही. आपला पट्टा आपल्या २२ भोवती बांधलाय, बागेच्या खऱ्या सरासरीभोवती नाही.

'बागेची खरी सरासरी या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के.' हे वाक्य सगळ्यांना बरोबर वाटतं, वर्तमानपत्रंही असंच लिहितात. पण ज्या पद्धतीनं आपण हा पट्टा काढला तिच्यात हे बसत नाही. बागेची खरी सरासरी हा एक ठरलेला आकडा आहे. आपल्याला माहीत नाही एवढंच, तो काही हलत नाही. हलतो तो पट्टा, कारण तो कुठले बारा घड हाती लागले त्यावर ठरतो.

अंधारात अंगणात कोंबडी एका जागी बसलीय आणि तुम्ही तिच्यावर डालगं टाकताय असं धरा. तुमचा हात इतका बसलेला आहे की शंभरदा टाकलं तर पंचाण्णवदा कोंबडी झाकली जाते. ९५ टक्के हा तुमच्या हाताचा गुण. एकदा डालगं पडलं की कोंबडी आत आहे किंवा नाही, तिथं मधलं काही नाही. फक्त उजाडेपर्यंत तुम्हाला ते दिसत नाही.

संख्याशास्त्रज्ञ येर्झी निमन यांनी १९३७ मध्ये या कल्पनेची पक्की मांडणी केली, तीही याच अर्थानं: खात्री पद्धतीची, एका उत्तराची नाही. म्हणून वहीत असं लिहा: 'बागेच्या सरासरी घडवजनाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल २०.२८ ते २३.७२ किलो. या पद्धतीनं पुन्हापुन्हा नमुने घेऊन असे पट्टे काढले तर सुमारे ९५ टक्के पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल.' जरा लांबलचक आहे, पण कुठलाही परीक्षक यात खोट काढू शकणार नाही.

पटत नसेल तर वर्गात करून पाहा. १ ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका. त्यांची खरी सरासरी आपल्याला माहीत आहे, ५०.५. प्रत्येकानं दहा चिठ्ठ्या काढायच्या, एक काढली की आकडा लिहून परत डब्यात टाकायची, डबा हलवायचा. मग दहा आकड्यांवरून आपापला ९५ टक्के पट्टा काढायचा, टी इथं २.२६२, आणि फळ्यावर आडवी रेघ मारायची. ५०.५ वर एक उभी रेघ ओढा. साठ मुलांचा वर्ग असेल तर साधारण तीन आडव्या रेघा उभ्या रेघेला चुकवून जातील. कधी एक, कधी सहा. ज्या तिघांची रेघ चुकली त्यांनी आकडेमोडीत काहीच चूक केलेली नसते, आणि फळ्यावर उभी रेघ नसती तर ती तिघं कोण हे कुणाला कळलंही नसतं. हा प्रयोग एका तासात होतो आणि दहा व्याख्यानांचं काम करतो.

रासेवरून क्विंटलवर

शेतकऱ्याला शेवटी माल किती निघेल ते हवं असतं. १७०० घड गुणिले पट्ट्याची दोन्ही टोकं. २०.२८ नं ३४५ क्विंटल, २३.७२ नं ४०३ क्विंटल. मधला आकडा ३७४. म्हणजे बारा घडांच्या जोरावर ५८ क्विंटलची वाव उरते. बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातल्या दरानं गुणून पाहिलं की ही वाव किती रुपयांची ते लगेच उमगतं. 'रास बावीसची' या एका आकड्यात ते दिसत नव्हतं.

आणि व्यापारी-शेतकऱ्याच्या वादाचं काय? २२ आणि २४ पैकी २४ पट्ट्याच्या बाहेर पडतो, जेमतेम. शेतकऱ्याचा दावा या बारा घडांशी फारसा जुळत नाही. पण ९९ टक्क्यांचा पट्टा काढला, गुणक ३.१०६, तर १९.५७ ते २४.४३ येतो आणि २४ आत बसतो. ९० टक्क्यांचा २०.६० ते २३.४०. खात्री वाढवायची तर पट्टा रुंद होणार. '१० ते ४० किलो' असं सांगितलं तर कुणीही डोळे मिटून पैज लावेल, पण त्याचा उपयोग शून्य. ९५ हा आकडा काही निसर्गनियम नाही, रूढीनं पडलेला आहे.

खात्री तेवढीच ठेवून पट्टा अरुंद करायचा तर घड जास्त तोलणं हा एकच सरळ मार्ग. पण तो महाग आहे, कारण खाली वर्गमूळ बसलंय. चौपट घड तोलले की मार्जिन निम्मा होतो. ४८ घडांना, विचलन तेच राहिलं तर, मार्जिन ०.७९ किलो; टीही जरा लहान होतो, म्हणून निम्म्याहून थोडा कमी.

किती घड तोलावेत हे आधीच काढता येतं. हवा असलेला मार्जिन ठरवा, मग १.९६ गुणिले विचलन भागिले मार्जिन, आणि आलेल्याचा वर्ग. विचलन २.७ धरलं आणि एक किलोचा मार्जिन हवा असेल तर ५.२९२ चा वर्ग, २८.००५. इथं नेहमी वरचा पूर्णांक घ्यायचा, म्हणून २९. नियम तो नियम. टीची भरपाई म्हणून आणखी दोन-तीन घ्या. अर्ध्या किलोचा मार्जिन हवा तर ११३ घड. एवढे तोलण्यापेक्षा कटाईच सुरू केलेली बरी. विचलनाचा अंदाज मागच्या हंगामाच्या वजनांवरून किंवा आधी पाच-सात घड तोलून घ्यायचा.

घड परत बागेत टांगता येत नाहीत, म्हणून समष्टी कमी होते, त्यासाठी एक दुरुस्ती सूत्रात असते. १७०० मध्ये १२ म्हणजे एक टक्काही नाही, सोडून द्या. नमुना समष्टीच्या पाच टक्क्यांपुढे गेला तरच तिच्या वाटेला जायचं.

कपाशीची बोंडं: टक्केवारीचा इंटरव्हल

वजनासारखं मोजमाप नसेल, फक्त 'हो-नाही' असेल, तर सूत्र बदलतं. पारोळा, अमळनेर, शिरपूरकडे कपाशीवाल्यांना याची गरज दर हंगामात पडते. गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही, म्हणून एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडून पाहायला सांगतात. दहा टक्के बोंडं किडकी निघाली की फवारणीची वेळ झाली, असा ढोबळ दंडक.

वीसपैकी दोन किडकी निघाली. बरोबर दहा टक्के. प्रमाण त्रुटी = √(०.१ × ०.९ ÷ २०) = ०.०६७. गुणिले १.९६ = ०.१३१. पट्टा: वजा ३.१ टक्के ते २३.१ टक्के.

वजा तीन टक्के बोंडं किडकी! असं उत्तर आलं की पोरं कॅल्सी झटकतात. कॅल्सी बरोबर आहे, सूत्र इथं लागू नाही. किडकी आणि चांगली, दोन्ही किमान दहा-दहा असतील तरच हे साधं सूत्र धरावं. इथं किडकी दोनच आहेत.

यावर सोपा उतारा आहे. ॲगरेस्टी आणि कूल या संख्याशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये सुचवलेला: दोन किडकी आणि दोन चांगली बोंडं मनानंच जास्त धरायची आणि मग तेच सूत्र लावायचं. २४ पैकी ४, म्हणजे ०.१६७. त्रुटी √(०.१६७ × ०.८३३ ÷ २४) = ०.०७६. मार्जिन ०.१४९. पट्टा सुमारे १.८ ते ३१.६ टक्के. बनवाबनवी वाटते, पण लहान नमुन्यात शंभरातले पंचाण्णव पट्टे खरे ठरण्याचं वचन हे सूत्र मूळच्यापेक्षा कितीतरी चांगलं पाळतं.

आता त्या पट्ट्याकडे पाहा. दोन टक्के ते बत्तीस टक्के. वीस बोंडांवरून 'फवारा' किंवा 'थांबा' यातलं काहीच ठामपणे निघत नाही. दोनशे बोंडं फोडून वीस किडकी निघाली असती तर याच उताऱ्यानं पट्टा ६.५ ते १५ टक्के आला असता. म्हणून वीस बोंडांचा दंडक चुकीचा ठरत नाही. एका शेतकऱ्याला एका सकाळी जमेल असं ते काम आहे, दर आठवड्याला पुन्हा करायचं असतं आणि कामगंध (फेरोमोन) सापळ्यातले पतंगही सोबतीला मोजायचे असतात. पण एकाच फेरीत 'बरोब्बर दहा टक्के' आले म्हणून त्या आकड्याला चिकटून बसू नये.

वीसपैकी एकही किडकं नाही निघालं तर? साधं सूत्र म्हणेल शून्य ते शून्य, म्हणजे शेत शंभर टक्के निरोगी. इथं 'तीनचा नियम' वापरा. ३ भागिले नमुना, म्हणजे ३ ÷ २० = १५ टक्के. किडक्या बोंडांचं प्रमाण पंधरा टक्क्यांपर्यंत असूनही वीसच्या वीस चांगली निघू शकतात. दंडक दहाचा आहे हे लक्षात घेतलं तर शून्य पाहूनही निवांत झोपावं अशी स्थिती नाही.

दोन बागा शेजारी ठेवल्या तर

शेवटचा प्रश्न प्रॅक्टिकलमध्ये हमखास येतो. शेजारच्या बागेत खताचं वेळापत्रक वेगळं. तिथले बारा घड: सरासरी २५, विचलन २.९. तिचा पट्टा २३.१६ ते २६.८४. आपला २०.२८ ते २३.७२. दोन्ही पट्टे २३.१६ ते २३.७२ मध्ये एकमेकांवर चढतात. मुलं लगेच लिहितात, 'पट्टे एकमेकांत शिरतात, म्हणून फरक सिद्ध होत नाही'.

फरकाचा प्रश्न असेल तर फरकाचाच इंटरव्हल काढायचा. फरक ३ किलो. दोन प्रमाण त्रुटींची थेट बेरीज करायची नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: √(०.७८१² + ०.८३७²) = १.१४५. डिग्रीज ऑफ फ्रीडम २२, टी २.०७४, मार्जिन २.३७. फरकाचा पट्टा ०.६३ ते ५.३७ किलो. यात शून्य नाही, म्हणजे निव्वळ चिठ्ठीच्या नशिबानं एवढा फरक पडला असं म्हणणं अवघड. पट्टे एकमेकांवर चढूनही फरक खरा असू शकतो. दोन्ही नमुने एकाच वेळी उलट्या टोकांना घसरण्याचा संभव कमी असतो, म्हणून फरकाची त्रुटी दोन त्रुटींच्या बेरजेपेक्षा लहान येते. उलटं मात्र चालतं: पट्टे एकमेकांना शिवलेच नाहीत, तर फरकाच्या पट्ट्यातही शून्य येणार नाही.

फरक खताच्या वेळापत्रकामुळेच पडला का, हे मात्र हे आकडे सांगत नाहीत. शेजारची बाग काळ्या जमिनीत असेल, आपली मुरमाड, किंवा त्याची मृगबाग आणि आपली कांदेबाग, म्हणजे लागवडीचा हंगामच वेगळा, तर तीन किलो कुणाच्या खात्यावर टाकायचे? ते ठरवायचं असेल तर एकाच बागेत ओळी चिठ्ठ्या टाकून वाटाव्या लागतील, निम्म्यांना जुनं वेळापत्रक, निम्म्यांना नवं, आणि हे लागवडीनंतर लगेच करावं लागेल, घड लागल्यावर नाही.